पंप लावला की काटा चढतो: हिंगण्याच्या एका चुंबक-भट्टीचं प्रकरण

नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीत एक छोटा कारखाना आहे. डाळ मिलला लागणाऱ्या चुंबकी जाळ्या तिथे बनतात. तूर भरडायच्या आधी तिच्यात आलेले खिळे, तारेचे तुकडे, यंत्राचा झिजलेला कीस ओढून घेणं हे या जाळ्यांचं काम. स्टीलच्या नळीत निओडिमियम चुंबकाचे ठोकळे एकापुढे एक बसवतात. हे ठोकळे काचेसारखे ठिसूळ असतात. दोन ठोकळे हातातून सुटून एकमेकांवर आदळले की कोपरा उडालाच. अशा तुटक्या तुकड्यांचे दोन ड्रम कारखान्यात साठले होते. भंगारवाला त्यांना लोखंडाचा भाव देत होता, आणि मालकांना तो घ्यायचा नव्हता. त्यांचं बरोबरच होतं, कारण त्या तुकड्यांच्या वजनात सुमारे ३० टक्के निओडिमियमसारखे दुर्मिळ मृदा धातू (रेअर अर्थ) असतात.

४ एप्रिल २०२५ ला चीनने डिस्प्रोशियम, टर्बियम धरून सात दुर्मिळ मृदा धातूंच्या आणि ते असलेल्या चुंबकांच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली. जाळ्यांतल्या साध्या ठोकळ्यांत डिस्प्रोशियम नसतं, तरी कागदपत्रांत माल अडकू लागला. त्याच वर्षी नोव्हेंबरात केंद्र सरकारने देशात वर्षाला ६,००० टन सिंटर्ड (चूर्ण दाबून भाजलेली) चुंबकं बनवण्यासाठी ७,२८० कोटी रुपयांची योजना मंजूर केली. ती मोठ्यांची गोष्ट. पण दोन ड्रम तुकड्यांचं काय करायचं, हा प्रश्न मालकांनी मला विचारला आणि मी या प्रकरणात आलो. माझं सगळं आयुष्य भट्ट्यांत गेलं आहे, पण आत हायड्रोजन सोडून चालवायच्या भट्टीत इतक्या बारकाईने पहिल्यांदाच शिरलो.

आधी थोडं या मिश्रधातूबद्दल. दोन अणू निओडिमियम, चौदा लोखंड आणि एक बोरॉन असं हे संयुग. १९८३-८४ च्या सुमारास जपानमध्ये मासातो सागावा आणि अमेरिकेत जनरल मोटर्सचे जॉन क्रोट यांनी वेगवेगळ्या वाटांनी त्याची चुंबकं बनवली. सागावांनी चूर्ण दाबून भाजलं, तर क्रोट यांनी वितळलेला धातू फिरत्या चाकावर झपाट्याने गोठवला. आमच्या ड्रममधले तुकडे सागावांच्या वाटेने बनलेले. म्हणजे काही मायक्रॉनचे कण, आणि त्यांच्यामधल्या फटींत निओडिमियमने भरलेला पातळ थर.

अशा तुकड्यांचा भुगा करायला हायड्रोजन वापरतात, आणि तो सगळ्यात आधी याच थरात शिरतो. त्याला उष्णता लागत नाही, साध्या तापमानाला वातावरणाएवढा दाब पुरतो. थर हायड्रोजन पितो, गरम होतो, फुगतो. मग कणही पितात आणि आकारमानाने सुमारे ५ टक्के वाढतात. धातू ठिसूळ असल्याने तो हा ताण सोसत नाही आणि आपोआप भुगा होतो. बर्मिंगहॅम विद्यापीठात रेक्स हॅरिस यांच्या गटाने हे तंत्र वर्षानुवर्षं घडवलं. पहिल्यांदा आम्ही केलं तेव्हा भांड्याला कान लावून बसलो होतो. काही मिनिटं शांतता. मग जोंधळ्याच्या लाह्या फुटाव्यात तसे बारीक कट्‌कट् आवाज सुरू झाले आणि भांड्याची बाजू हाताला गरम लागू लागली. उघडलं तेव्हा ठोकळ्यांच्या जागी काळा भुगा होता आणि निकेलचा मुलामा कांद्याच्या सालीसारखा वेगळा पडला होता. हायड्रोजन प्यायलेल्या भुग्याचं चुंबकत्व जवळपास गेलेलं असतं. त्यामुळे तो चाळणीतून सहज पडतो आणि मुलाम्याच्या पापुद्र्या वर राहतात. मुलामा अखंड असेल तर मात्र वायूला आत जायला वाट मिळत नाही. आमचे तुकडे तुटके होते हे इथे पथ्यावर पडलं.

या भुग्यातून बाँडेड चुंबक करायचं ठरलं, म्हणजे चूर्णात इपॉक्सी मिसळून, साच्यात दाबून, भाजून घट्ट केलेलं. पण नुसत्या भुग्यातून हायड्रोजन काढून टाकला तर हाती आलेल्या चूर्णाला टिकाऊ चुंबकत्व राहत नाही. विरुद्ध क्षेत्र लावलं की ते लगेच उलटतं. कण इतका बारीक हवा की त्यात एकच चुंबकी प्रदेश मावेल, म्हणजे मायक्रॉनचा सुमारे तिसरा हिस्सा. दळून तेवढं बारीक केलं तर हवेत पेट घेईल. यावरचा तोडगा १९८९ मध्ये जपानच्या मित्सुबिशी मेटलमध्ये (नंतरचं मित्सुबिशी मटेरियल्स) ताकेशिता आणि नाकायामा यांनी मांडला. त्याला एचडीडीआर म्हणतात: शोषण, विघटन, निष्कासन, पुनर्मीलन. चूर्ण हायड्रोजनमध्ये ८०० अंशांच्या वर तापवायचं. तिथे संयुग मोडतं आणि निओडिमियम हायड्राइड, लोखंड आणि लोखंडाचं बोराइड असे तीन पदार्थ अतिशय बारीक जाळीत शेजारी-शेजारी बसतात. मग पंप लावून हायड्रोजन ओढून घ्यायचा. हायड्राइड सुटतं, मोकळं निओडिमियम शेजारच्या लोखंडाशी आणि बोरॉनशी पुन्हा जुळतं, आणि तेच जुनं संयुग परत तयार होतं, फक्त आता ०.३ मायक्रॉनच्या कणांचं. चूर्णाचा दाणा बाहेरून तेवढाच जाड राहतो, आतली वीण नवी होते. धातुशास्त्रात मी पाहिलेल्या सुंदर गोष्टींपैकी ही एक आहे.

लहान बोटीत, म्हणजे भट्टीत सरकवायच्या होडीसारख्या भांड्यात, ५० ग्रॅम घेऊन आम्ही हे केलं. ८४० अंश, तासभर हायड्रोजन, मग पंप. चूर्ण शहरातल्या एका प्रयोगशाळेत मोजून आणलं. चुंबकत्व टिकवायची ताकद, जिला आम्ही रोजच्या बोलण्यात कोअर्सिव्हिटी म्हणतो, ११ किलोओर्स्टेडच्या (हे चुंबकी क्षेत्राचं एकक) आसपास आली. मूळ ठोकळ्याच्या जवळपास. मालकांनी त्या दिवशी सगळ्यांना तर्री पोहे खाऊ घातले आणि २ किलोचा घाणा घ्यायचं ठरवलं.

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात पहिला मोठा घाणा निघाला. भट्टीची तीच नळी, तेच तापमान, तोच वेळ. बोटीऐवजी खोल ट्रे, एवढाच फरक. मोजणी आली ती ६ किलोओर्स्टेडची, आणि विरुद्ध क्षेत्र वाढवत काढलेल्या आलेखाची रेघ गुळगुळीत उतरायच्या ऐवजी मध्येच गुडघ्यासारखी मोडलेली. असा गुडघा दिसला की समजावं, चूर्णात दोन वेगळे पदार्थ आहेत. एक कडक आणि एक मऊ, आणि मऊ म्हणजे बहुधा मोकळं लोखंड. दुसरा घाणा तसाच. तिसराही.

इथून पुढचे तीन आठवडे आम्ही चुकीच्या दिशेने शोधत होतो. ते लिहिणं मला महत्त्वाचं वाटतं, कारण प्रत्येक संशय त्या वेळी पटण्यासारखा होता.

पहिला संशय पावसावर. मे महिन्यात नळी उघडली तर कोरडी हवा आत जायची. जुलैत तीच हवा ओली. नळीच्या भिंतीवर ओलावा बसतो, तापवल्यावर सुटतो आणि निओडिमियम त्यातला ऑक्सिजन घेऊन बसतं. एकदा ऑक्साइड झालेलं निओडिमियम हायड्रोजनने परत मिळत नाही. लोखंडाचा गंज हायड्रोजन सोडवतो, निओडिमियमचा नाही. म्हणून आम्ही नळी आधी रिकामी तापवून घेऊ लागलो, पंपाचा गॅस बॅलास्ट (थोडी हवा आत घेणारी झडप) उघडा ठेवून तेलातलं पाणी काढलं. निर्वात थोडा लवकर मिळू लागला. आलेखातला गुडघा तसाच राहिला.

दुसरा संशय थंड पाण्यावर. पंपाला आणि नळीच्या तोंडाच्या रबरी सीलला कूलिंग टॉवरचं पाणी जातं. बाहेरच्या माणसाला वाटेल की नागपुरात ४५ अंशांच्या मे महिन्यात हे पाणी तापत असेल. खरं उलट आहे, आणि घरी कूलर असलेल्या कुठल्याही नागपूरकराला ते ठाऊक आहे. मेच्या कोरड्या हवेत वाळ्याचा कूलर अंगावर काटा आणतो आणि जुलैत तोच नुसता ओला वारा फेकतो. टॉवरचंही तसंच. त्यामुळे जुलैत पाणी खरोखरच जास्त कोमट होतं आणि संशयाला जोर आला. टाकीत बर्फाच्या लाद्या टाकून एक घाणा चालवला. काही फरक नाही.

तिसरा संशय सिलिंडरवर. पुरवठादार बदलला. हायड्रोजनचा सिलिंडर लाल, त्याच्या व्हॉल्व्हचे आटे उलटे, साठवणुकीचे नियम कडक. ज्या पेसो या स्फोटकं आणि पेट्रोलियमची सुरक्षा पाहणाऱ्या केंद्रीय खात्याच्या नियमांनी देशभर हे सिलिंडर ठेवले जातात, त्याचं मुख्यालय आपल्याच नागपुरात सेमिनरी हिल्सला आहे. तरी नवा पुरवठादार पकडून माल यायला आठ दिवस गेले. निकाल तोच.

खरं तर एका दुपारच्या कामात हे तिन्ही संशय मिटले असते. त्याच ओल्या दिवशी, त्याच पाण्यावर, त्याच सिलिंडरमधून लहान बोटीत ५० ग्रॅम चालवायचे. शेवटी ते केलं तेव्हा पुन्हा ११ किलोओर्स्टेड आले. म्हणजे दोष हवेत नव्हता, पाण्यात नव्हता, वायूतही नव्हता. तो २ किलोंत होता. ही चाचणी मी पहिल्या दिवशीच सांगायला हवी होती.

त्या संध्याकाळी भट्टीवरच्या काकांनी त्यांची वही पुढे केली. काका आधी फोर्जिंगच्या भट्टीवर होते, पंचवीस वर्षं. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, तरी ते दर दहा मिनिटांनी तापमानासोबत अँपिअरही लिहीत होते. निळ्या शाईत सरळ रकाने, तेलाच्या अंगठ्याचे ठसे.

"साहेब, हे पाहा. हायड्रोजन सोडला का काटा खाली येते. पंप लावला का वर जाते. लहान बोटीले नाही होत, मोठ्या ट्रेले होते. दर खेपेले."

मी तापमानाचा रकाना पाहिला. ८४०, ८४०, ८३९, ८४०. अँपिअरचा रकाना पाहिला. पंप लावल्यावर आकडा जवळपास दीडपट झालेला आणि चाळीस मिनिटं तिथेच. कंट्रोलर तापमान धरून ठेवण्यासाठी भट्टीत वीज ओतत होता. ती उष्णता कुठे जात होती?

"काऊन होते ते मले नाही समजत," काका म्हणाले, "पण आतमधी कोणीतरी गरमी पिते."

हे वाक्य मी आजवर ऐकलेल्या निदानांत सगळ्यात नेमकं आहे. हायड्रोजन धातूत शिरताना उष्णता सोडतो, म्हणून काटा खाली. बाहेर पडताना तेवढीच उष्णता मागतो, म्हणून काटा वर. माठातलं पाणी झिरपून उडताना माठ गार करतं, तसंच हे, फक्त ८४० अंशांवर. मी हे पुस्तकातून जाणत होतो, पण किती, याचा हिशेब कधी मांडला नव्हता. त्याच वहीच्या मागच्या पानावर मांडला. २ किलो चूर्ण म्हणजे संयुगाचे जवळपास १.८५ मोल. प्रत्येकातून दोन मोल हायड्रोजन बाहेर यायचा, म्हणजे साधारण ३.७ मोल. साध्या तापमानाला मोजला तर ८० लिटरच्या वर वायू. निओडिमियम हायड्राइड फोडायला मोलमागे सुमारे २०० किलोज्यूल लागतात. पुन्हा संयुग जुळताना त्यातला काही भाग परत मिळतो, तरी काही शे किलोज्यूल उरतातच. आणि २ किलो चूर्णाचं तापमान एक अंशाने हलायला जेमतेम एक किलोज्यूल पुरतो. बाहेरून उष्णता पोचलीच नाही तर चूर्ण शेकडो अंशांनी गार पडेल.

थोडीफार पोचत होती. पण चूर्णातून उष्णता जाते ती मुख्यतः दाण्यांमधल्या वायूतून, आणि हायड्रोजन हा उष्णता वाहून नेण्यात हवेपेक्षा सुमारे सातपट चांगला. तोच वायू आम्ही पंपाने जोरात ओढून घेत होतो. उष्णतेची सगळ्यात जास्त गरज असलेल्या घडीला आम्हीच तिची वाट बंद करत होतो. निर्वातातलं चूर्ण म्हणजे थर्मास.

दुसऱ्या दिवशी ट्रेच्या मधोमध एक थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजणारी तारांची जोडी, खुपसला. आधीचा नळीच्या बाहेर, कॉइलच्या शेजारी होता. घाणा लावला आणि आम्ही चौघं दोन आकड्यांसमोर उभे राहिलो. हायड्रोजनच्या टप्प्यात आतला आकडा बाहेरच्यापेक्षा वर गेला, मग जुळला. पंप लावला. बाहेर ८४०. आत ८२०, ८००, ७७५. पंधराव्या मिनिटाला ७४२. तिथे तो बराच वेळ बसून राहिला. तापमान उतरलं की हायड्राइडवरचा वायूचा दाब झपाट्याने घसरतो, सुटणंच मंदावतं. आमचा पंपाचा वेळ संपला तेव्हा मधलं चूर्ण अजून अर्धवट होतं.

या वेळी नमुनाही ट्रेभर कालवून घेतला नाही. कड, मध्यापर्यंतची अर्धी वाट आणि केंद्र अशा तीन जागांवरून वेगळा घेतला. केंद्रातल्या चूर्णाच्या एक्स-रे आलेखात लोखंडाची रेघ ठळक होती. म्हणजे पुनर्मीलन अपुरं. कडेच्या चूर्णात लोखंड नव्हतं, तरी कोअर्सिव्हिटी ११ ऐवजी ९. कडेचं काम पहिल्या काही मिनिटांतच झालं होतं आणि नंतर ते उगाच ८४० अंशांवर भाजत राहिलं, कण वाढले. एकाच ट्रेमध्ये कड जळलेली आणि मध्य कच्चा. जाड भाकरी मोठ्या आचेवर टाकली की हेच होतं. केवळ वेळ वाढवला असता तर मध्य सुधारला असता आणि कड आणखी बिघडली असती. सरासरी आकडा कदाचित जागचा हललाही नसता.

उपाय महाग नव्हते. खोल ट्रे काढून चार उथळ ट्रे एकावर एक, मध्ये फट ठेवून. चूर्णाचा थर एक सेंटिमीटरच्या आत. ट्रेचा पत्रा मुद्दाम जाड घेतला, म्हणजे तोही उष्णतेचा साठा होतो. पंपाच्या वाटेवर एक सुई-व्हॉल्व्ह बसवला. आता हायड्रोजन एकदम ओढत नाही, दाब काही किलोपास्कलवर धरून हळूहळू सोडतो. वायू दाण्यांमध्ये असेपर्यंत उष्णता आत जात राहते. आतल्या तापमानाचा आकडा उतरायचा थांबून चढू लागला की व्हॉल्व्ह थोडा अधिक उघडायचा, आणि आतला-बाहेरचा आकडा जुळला की पूर्ण निर्वात. टप्पा संपला हे घड्याळ सांगत नाही, आतलं तापमान आणि दाबमापक सांगतात. संपल्या क्षणी आर्गॉन (कशाशीही न जुळणारा वायू) सोडून भट्टी रुळांवरून मागे ओढायची, म्हणजे नळी उघडी पडते आणि कण वाढायला अवसर मिळत नाही. भट्टीला चाकं लावायचं काम काकांनी एका रविवारी केलं.

नव्या रीतीने मधलं तापमान ८१८ च्या खाली गेलं नाही. तिन्ही जागांचे नमुने १०.५ ते ११ च्या दरम्यान आले. गुडघा गेला.

सुरक्षेबद्दल दोन गोष्टी लिहिल्याशिवाय पुढे जाववत नाही. हवेत ४ ते ७५ टक्के एवढ्या रुंद पट्ट्यात हायड्रोजन पेटतो. म्हणून हायड्रोजन सोडण्याआधी आणि नंतर आर्गॉनने नळी धुणं, छताला उघडा झरोका, साबणाच्या पाण्याने प्रत्येक जोड तपासणं, हे घाई असली तरी चुकवायचं नाही. आणि भुगा हवेत आणायचा तो हळूहळू. सुरुवातीच्या दिवसांत एकाने चमचाभर भुगा पाहायला म्हणून पत्र्यावर ओतला. ओतता ओतता त्यात लाल ठिणग्या चालू लागल्या आणि पत्र्यावर जळका डाग राहिला. कुणाला इजा झाली नाही. त्या दिवसापासून भांडं आर्गॉनमध्येच गार होतं आणि हवा थोडी थोडी, तासाभरात आत सोडली जाते.

आता पहिल्या ड्रमचं चूर्ण बाँडेड चुंबकांत जातं. ती मूळ ठोकळ्यांइतकी जोरकस नाहीत. इपॉक्सीने जागा व्यापली की तेवढं चुंबकत्व कमी होणारच. जाळीच्या मुख्य नळीत ती चालत नाहीत, हलक्या चाळण्यांच्या पट्ट्यांना पुरतात. दुसरा ड्रम छत गळत होतं त्या बाजूला होता. त्यातले तुकडे कडांनी राखाडी होऊन फुगले आहेत आणि हाताला पूड लागते. तिथलं निओडिमियम ऑक्सिजनशी बांधलं गेलं आहे आणि आमची भट्टी ते सोडवू शकत नाही. त्याला आम्लात विरघळवून धातू वेगळे करण्याची वाट लागेल, ती आमच्याकडे नाही. मालकांनी तो ड्रम झाकण लावून कोरड्या खोलीत हलवला. काकांच्या वहीत आता पाचवा रकाना आहे, "मधलं". दर दहा मिनिटांऐवजी, पंप चालू असताना, दर दोन मिनिटांनी भरलेला.